भाकरीला कान लावणारे अण्णा

तोंडापर्यंत नेलेला घास कुणी माझ्या हातातून काढून घेतला, असं आयुष्यात एकदाच झालं. कोल्हापुरात, अण्णांच्या स्वयंपाकघरात. मी पाटावर बसून मटकीची उसळ आणि भाकरी खात होते. निम्मी भाकरी ताटात होती. कट्ट्यावर उसळीच्या पातेल्याला टेकून ठेवलेलं गजराचं घड्याळ खणखणायला लागलं. अण्णा उठले, त्यांनी माझं मनगट धरलं, घास काढून घेतला, ताट उचललं आणि मागच्या दाराने जाऊन शेजाऱ्यांच्या म्हशीच्या बादलीत रिकामं केलं.

"चार तास झालं," परत येऊन ते म्हणाले. "नवाला केलेली उसळ. तू एकला जेवाय आलीस, त्याला मी काय करू?"

मी तशीच बसून राहिले. बोटांना रस्सा लागलेला, पोटात भूक, आणि समोर हा माणूस रिकामं ताट घासतोय. रागावायचंही सुचेना. उसळ चांगली होती हो! उत्तम होती. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्यापुढे गरम थालीपीठ आणि लोणी ठेवलं तेव्हा कुठे माझा आ मिटला.

अण्णा माझे घरमालक. पासष्टी ओलांडलेले, उंच, हाडाचे. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत त्यांची सगळी नोकरी झाली. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, ते नमुने ते करायचे. बायको पाच वर्षांपूर्वी साथीत गेली. एकुलती लेक पुण्यात. मूळ घर निपाणीच्या बाजूचं, त्यामुळे लेकीशी फोनवर बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही.

मी नाशिककडची. सरकारी नोकरीत पहिलीच नेमणूक कोल्हापूरला मिळाली, आणि ऑफिसातल्या एका बाईंनी या घरातली वरची खोली सुचवली. "माणूस खुळा हाय," त्या म्हणाल्या होत्या, "पण खोली हवेशीर हाय."

खुळा म्हणजे किती, ते पहिल्याच दिवशी कळलं. मी सामान लावत होते. अण्णा वर आले, दारात उभे राहिले आणि माझी किराणाची पिशवी त्यांना दिसली. विचारलं नाही, काही नाही, सरळ उचलली. नूडल्सची पाच पाकिटं, दोन बिस्किटचे पुडे, सूपची पुडी, एक तयार उपम्याचा डबा. एकेक वस्तू त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मांडली. मग चष्मा लावून नूडल्सच्या पाकिटामागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली, अगदी अडखळत, पण एकही शब्द न सोडता. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"ह्यातला गहू दाखव मला."

"अहो, मैद्याचं असतं ते..."

"मैदा तर मैदा. कुठला गहू? कवा दळला? कोणी बघितला?"

मला काय माहीत कोणी बघितला! त्यांनी सगळं परत पिशवीत भरलं, गाठ मारली आणि खाली घेऊन गेले. संध्याकाळी ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेलेली मी वरून पाहिली. घरी फोन करून आईला सांगितलं तर आई म्हणाली, खोली बदल. मी बदलणारच होते.

त्यांच्या दोन अटी होत्या. बंद पाकिटातलं खायचं काहीही या घरात आणायचं नाही. आणि दिवसाचं एक जेवण खाली त्यांच्यासोबत करायचं. "फुकट जेवाय न्हाय घालत," ते म्हणाले. "मी इचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. गोडगोड बोलायचं न्हाय. कसं झालंय, मीठ किती हाय, वास बरा हाय काय, सगळं."

एकटा म्हातारा माणूस, तरुण बाईला रोज जेवायला बोलावतो, हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं. मी पहिले आठ दिवस मागचं दार उघडं ठेवून, दाराजवळच्या पाटावर बसून जेवले. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण नवव्या दिवशी शेजारच्या वहिनी आपलं भांडं घेऊन तिथे बसल्या होत्या. "अण्णांनी बोलावलंय, तुला बरं वाटावं म्हणून," त्या म्हणाल्या. "मी रोज येतो आता." कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, याचाही मला तेव्हा धक्काच बसला होता. पण त्या आठवड्यात धक्क्यांची रांग लागली होती, त्यात हा बारका.

त्या स्वयंपाकघराचं काय सांगू. मिक्सर नव्हता. कोपऱ्यात दगडी जातं होतं आणि त्याला जुन्या वॉशिंग मशीनची मोटर पट्ट्याने जोडलेली. अण्णांनी स्वतः बसवलेली. बटण दाबलं की जातं स्वतःच फिरायचं आणि अण्णा मूठमूठ ज्वारी वैरत उभे राहायचे. रोज लागेल तेवढंच पीठ. फळीवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीला पेन्सिलीने लिहिलेला कागद: 'कारळ्याची चटणी, मंगळवार सकाळ.' 'जवस, बुधवार.' गगनबावड्याकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून नाचणी, कागलकडून गूळ. तोही गुऱ्हाळावर स्वतः उभं राहून आणलेला. कट्ट्यावर सात घड्याळं. शिजवलेल्या प्रत्येक ओल्या पदार्थाशेजारी एक. चार तासांनी ते वाजलं की पदार्थ म्हशीला. पण तशी वेळ क्वचित यायची, कारण अण्णा माणसं मोजून, जवळजवळ घास मोजून रांधायचे.

भाकरीची जाडी ते मोजायचे. खरंच मोजायचे. फौंड्रीतला व्हर्नियर, लोखंडाची जाडी मोजायचं ते हत्यार, धुऊन पुसून खिळ्याला टांगलेलं असायचं. थापलेल्या भाकरीच्या कडेला ते लावायचे आणि पुटपुटायचे, "साडेतीन. बरं हाय." भाकरी तव्यावर पडली की खाली वाकून कान लावायचे. कानाचं टोक भाजेल इतक्या जवळ. शेंगदाणे भाजतानाही तसंच. आम्ही बोलत असलो तर हात वर करायचे: गप. ती तडतड कुठल्या तरी जागी बदलायची म्हणे. त्या क्षणी कढई खाली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एकदाही शेंगदाणे करपवले नाहीत.

"अण्णा, वासावरून कळत नाही का?" मी एकदा विचारलं.

"वास सगळ्यांनाच येतोय," ते म्हणाले. "कान कोण लावतंय?"

मी हसले. वहिनीही हसल्या. माणूस खुळा आहे, हे आम्ही दोघींनी मान्यच केलेलं होतं.

आणि रांधणं असं की काय विचारता! राळ्याचा भात, त्यावर कुळथाचं पिठलं. मोडाच्या मुगाची धिरडी. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, सणाला करतात ती, पण अण्णा कुठल्याही मंगळवारी करायचे. माझ्या ऑफिसच्या डब्यात खाऊ म्हणून घरी परतलेला भडंग, भाजलेले हरभरे, तीळगूळ-शेंगदाण्याचे लाडू. दुपारी चारला माझ्या टेबलाभोवती माणसं जमायला लागली. दोन महिन्यांनी पर्स आवरताना पित्ताच्या गोळ्यांची पट्टी सापडली, न फोडलेली. त्या आधी ती मला दर आठवड्याला लागायची. खोली बदलायचं मी कधी सोडून दिलं, ते आठवत नाही.

पण प्रत्येक जेवणाआधी तो प्रकार असायचाच. अण्णा चमच्यात थोडं घेऊन माझ्यापुढे धरायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. "मीठ?" "ठीक आहे." "ठीक म्हंजे? कमी का बरोबर?" "बरोबर." "वास?" "चांगला." "नीट घे की वास. घाईनं काय सांगालीस?" मी तीन-तीनदा वास घ्यायचे. आपण परीक्षेला बसलोय असं वाटायचं.

त्या लग्नात तर हद्द झाली. गल्लीतल्याच एका मुलाचं लग्न, कागल रस्त्यावरच्या कार्यालयात. अण्णा कुणाकडे जेवत नसत, पण त्या मुलाला त्यांनी लहानपणी खांद्यावर फिरवलेलं, म्हणून आले होते. पंगत बसायची होती. अचानक त्यांनी माझा हात धरला आणि मला कार्यालयाच्या मागे, आचाऱ्यांच्या मांडवात नेलं. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बासुंदीचं मोठं पातेलं होतं.

"वास घे."

"अण्णा, इथे?"

"घे म्हणतोय न्हवं!"

मी वाकले. वेलदोडा, केशर, दूध, आणि त्याच्या खाली काहीतरी... होतं की नव्हतं? मी पुन्हा वास घेतला. "मला नक्की नाही सांगता येत," मी म्हणाले. "थोडं... नाही, नक्की नाही."

"नक्की न्हाय म्हंजे न्हाय," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी पातेल्याचे कान धरून ते आडवं केलं.

पन्नास-साठ लिटर बासुंदी. मातीवरून, आचाऱ्याच्या पायावरून, मांडवाच्या कनातीपर्यंत. मी किंचाळले. आचारी ओरडत धावला, मागून नवऱ्या मुलाचे काका आले आणि त्यांनी अण्णांची कॉलर धरली. "शुद्धीवर हाय काय रे तू? पावण्यांपुढं तोंड दाखवायचं कसं आमी?" अण्णांनी कॉलर सोडवून घेतली नाही. "मला मारा," ते म्हणाले, "पण ते कोण खानार न्हाय." त्यांचे ओठ थरथरत होते. भांडणाचा कंप नव्हता तो. घाबरलेला माणूस होता तो, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा फक्त लाज वाटली. ती बासुंदी खरंच नासली होती की नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते घर अण्णांशी बोलेनासं झालं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी, मला सुट्टी होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मी अंघोळ करून जिन्याने खाली येत होते. चौथ्या-पाचव्या पायरीवर वास आला. गॅसचा. थोडाथोडका नाही, घशाला लागणारा. मी धावले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. दळताना पीठ उडू नये म्हणून अण्णा खिडक्या लावून घ्यायचे, तशा त्या सगळ्या लावलेल्या. जातं नुकतंच थांबलं होतं. अण्णा शेगडीपुढे उभे होते, तव्यावर पाण्याचा हात फिरवत. दुसऱ्या हातात लायटर होता.

मी इतक्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला अनोळखी वाटला. त्यांच्या हातावर झडप घातली, मागचं दार उघडून लायटर बाहेर फेकला, सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. एक कडी निघेना, ती दोन्ही हातांनी ओढली. अण्णा जागच्या जागी उभे. चिडलेले.

"काय झालं बोंबलायला?"

"अण्णा, गॅस!"

"कुठाय?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कुठाय? तो माणूस त्याच्यात गळ्यापर्यंत बुडून उभा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खोकला थांबत नव्हता, आणि ते माझ्याकडे, मग शेगडीकडे, मग सिलिंडरकडे बघत होते, एखादी वस्तू हरवली असावी तसे.

"अण्णा, तुम्हाला वास येत नाही?"

खाली वाकून त्यांनी रबरी नळी हाताने चाचपली. सिलिंडरच्या मागे तिला बोटभर चीर गेली होती. ती चीर त्यांच्या अंगठ्याला लागली, आणि तेव्हा कुठे त्यांना माझं खरं वाटलं. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

मी त्यांना बाहेर ओसरीवर आणलं. पाणी दिलं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "पाच वर्सं झाली. त्या तापात गेला तो परत आलाच न्हाय. वासबी न्हाय, चवबी न्हाय. भाकरी खाल्ली काय आन पुठ्ठा खाल्ला काय, मला एकच."

मला त्या क्षणी काय काय आठवलं! चमचा, वास घे, खरं सांग, कान, घड्याळं, उन्हातली बासुंदी. जो माणूस माझ्यासाठी वर्षभर इतकं रांधत होता, त्याला त्यातलं काहीही लागत नव्हतं. एकदाही नाही. आणि त्याला आम्ही खुळा म्हणून हसत होतो. मला ओसरीवरच रडू फुटलं.

"लेकीला सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "तिला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाय. ती शेगडीच काढून टाकंल. पुण्याला नेऊन आठव्या मजल्यावर बसवंल. मग मी काय करू दिवसभर? तुझ्या पाया पडतो, पोरी." आणि ते खरोखरच वाकले. मी मागे सरले आणि "नाही सांगत" म्हणून गेले.

त्याच दुपारी गॅसवाल्याला बोलावून नळी बदलून घेतली. पण पुढचे तीन दिवस मी ऑफिसात काय काम केलं, देव जाणे. कुठेही अग्निशमनच्या गाडीचा आवाज आला की मी खिडकीशी जाऊन बघायचे. मी त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा खाली आले असते तर? किंवा रोजच्यासारखी ऑफिसात असते तर? शेजारच्या वहिनी, त्यांच्या घरातली माणसं, सगळी भिंतीला भिंत लागून. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी ती दारात उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"फितूर," ते म्हणाले. बास. तो एक शब्द.

पुढचं आधी सांगून टाकते. अण्णा पुण्याला गेले नाहीत. ते आजही त्याच घरात आहेत. शेगडीच्या भिंतीवर आता गॅस गळला की बोंबलणारी पेटी आहे, रबराच्या जागी जाळीची पक्की नळी आहे, आणि दळताना एक खिडकी उघडी ठेवायची असा लेकीचा हुकूम आहे. वहिनींना आणि गल्लीतल्या सगळ्यांना आता ठाऊक आहे. नवऱ्या मुलाचे काका एकदा येऊन, पाणी पिऊन गेले. माझ्याशी अण्णा अकरा दिवस बोलले नाहीत. डबा मात्र रोज पायरीवर असायचा, आणि त्यात कणभर मीठ नसायचं, कारण मीठ विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलावं लागलं असतं. मी अकरा दिवस अळणी खाल्लं. मग तेच थकले. नंतर माझी बदली साताऱ्याला झाली. इथे मी रोज पहाटे उठून ज्वारीचं पीठ मळते, मला ते त्यांच्यासारखं जमत नाही, तरी मळते.

पण ती लेक आली ती दुपार सांगायची राहिली. त्या घरात मला बसलेल्या सगळ्या धक्क्यांत तो शेवटचा, आणि तो तिघांनाही एकदमच बसला.

जेवणं झाली होती. कुणालाच नीट गिळत नव्हतं. लेक बराच वेळ स्वतःला आवरून बसली होती, मग एकदम फुटली. "अप्पा, कशासाठी हे सगळं? अव्वा होती तोवर पाण्याचा तांब्या उचलला नव्हता तुम्ही. आणि आता जातं काय, घड्याळं काय, लोकांची लग्नं काय मोडताय! घर उडवून द्यायला निघाला होता. एवढं काय अडलंय?"

अप्पा म्हणजे अण्णाच, आणि अव्वा म्हणजे तिची आई.

मी उठायला लागले. अण्णांनी हाताने बस म्हणून खुणावलं. अजून माझ्याकडे बघत नव्हते, पण बसवून घेतलं. मग जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"तुझी अव्वा तापानं पडली हुती. मलाबी ताप. बाहेर सगळं बंद. शेजारच्यांनी फाटकाला पिशवी अडकवली, त्यात डोशाच्या पिठाचं पाकीट हुतं, तयार. सकाळपासनं उन्हात लोंबत हुतं, मी संध्याकाळी बघितलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, तू पड, आज मी करतो. जन्मात पयल्यांदा तवा धरला. तीन डोसं केली. चटणी न्हाय, कायबी न्हाय. तिनं खाल्लं. मी इचारलं कसं झालंय, तर म्हणाली, बरं झालंय."

त्यांनी तांब्यातून घोटभर पाणी घेतलं.

"संध्याकाळी तिला उलट्या. पोट धरून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खिडकीतनं डबा द्यायला आली, आन नाकाला पदर लावून मागं सरली. म्हणाली, अण्णा, ह्या पिठाला केवढी घाण येत्या! मी पातेलं तोंडाशी नेलं. मला कायबी न्हाय. तवा मला कळलं माझं नाक गेलंय. दुपारी गाडी आली, तिला घेऊन गेली. डाक्टर म्हणाला फुफ्फुसं गेली, पोटाचा काय संबंध न्हाय. त्यो म्हणतोय. पण मी घातलं की तिला. माझ्या हातानं. पयल्यांदा रांधलं आन बायकोला सडकं खायला घातलं. तिलाबी वास येत नसणार, तापच हुता न्हवं. न्हायतर खाल्लं असतं कोणी?"

घरात सात घड्याळांची टिकटिक चालली होती. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिने तोंडावर हात ठेवला होता, आणि तो काढायला तिला वेळ लागला.

"अप्पा," ती म्हणाली, "अव्वाला वास येत होता."

अण्णांनी मान वर केली.

"तिचा फोन आलता मला. त्याच दुपारी, पडल्यापडल्या. हळू बोलत होती, तुम्ही बाहेरच्या खोलीत हाय म्हणाली. म्हणाली, अगं, तुझ्या अप्पानं आज डोसं केल्यात. कसली घाण झाल्यात म्हणून सांगू, पीठच खराब हाय, तोंडात धरवत न्हाईत. मी म्हटलं, मग टाक की. तर म्हणाली, टाकू कशी? बत्तीस वर्सांत ह्या माणसानं पयल्यांदा माझ्या हातात ताट आणून दिलंय. दारात उभा राहून बघत हुता, पोरगं निकाल बघतंय तसा. दोन खाल्ली मी. तिसरा उशीखाली लपवलाय, त्यो आत गेला की कावळ्याला टाकते."

"ताट मोकळं हुतं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा. "मी बघितलं की. तिन्ही खाल्लेली हुती."

"दोन, अप्पा."

"मग मला का न्हाय सांगितलंस? पाच वर्सं?"

"तुमचा पयला स्वयंपाक होता तो. वाईट झालता, असं अव्वा गेल्यावर कसं सांगू तुम्हाला?" आणि ती रडायला लागली. "मला काय म्हाईत तुम्ही मनात काय धरून बसलाय!"

अण्णा रडले नाहीत. त्यांना एकदम राग आला. समोरच्या भिंतीकडे, बायकोच्या फोटोकडे बघून ते मोठ्यानं म्हणाले, "कळत हुतं तर एकावर थांबायचं की गं! दोन कशाला खाल्लीस?" वर्षभरात त्यांनी त्या फोटोशी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मग ते लेकीकडे वळले, अगदी जवळ सरकून बसले.

"परत सांग," ते म्हणाले. "ती काय म्हणाली ते. शब्द गाळू नकोस."

तिने डोळे पुसून पुन्हा सांगितलं. घाण झाल्यात, टाकू कशी, पहिल्यांदा ताट आणून दिलंय. अण्णा ओठ हलवत ऐकत होते.

"आन तिसरा?"

"उशीखाली."

"उशीखाली," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सांगताना हसत हुती काय गं?"

"हसत होती की, अप्पा. हसता हसता ठसका लागला, म्हणून तर फोन ठेवला."